नॉर्मल छाती

आमच्या ग्रुपमध्ये नॉर्मल म्हणजे काय, हे ठरवायचं काम माझ्याकडे होतं. कुणी दिलं नव्हतं, मीच ओढून घेतलं होतं. पाथरीच्या शाळेत दहावीपर्यंत मी पहिला नंबर सोडला नाही, आणि सगळ्यांच्या आधी हात वर करायची सवय परभणीच्या मेडिकल कॉलेजात दुसऱ्या वर्षापर्यंत माझ्यासोबत आली. आता कुणी काही विचारलं की मी आधी हात मांडीखाली धरून बसते.

आम्ही चौघं होतो. मी ज्ञानेश्वरी, पेडगावचा सिद्धोधन, आणि परभणीतलेच दोघं, राजनंदिनी आणि रामप्रसाद. रामप्रसादच्या मामांचं जिंतूर रोडला तीन मजली घर आहे. वरच्या मजल्यावर उन्हाने कुणी भाडेकरू टिकत नाही, म्हणून तिथली खोली आम्हाला मिळाली. खोलीत एक लोखंडी पलंग, एक फळा आणि मामींचे पापडाचे डबे. खालपासून वर बेचाळीस पायऱ्या. रोज संध्याकाळी सहाला जमायचं आणि आठला उठायचं.

पद्धत अशी होती की प्रत्येकाने शरीराचा एक भाग घ्यायचा, तो वाचून यायचा आणि बाकी तिघांना शिकवायचा. राजनंदिनीकडे पोट, रामप्रसादकडे फुप्फुसं, सिद्धोधनकडे मेंदू आणि नसा, माझ्याकडे हृदय. वाद घालत बसलो तर पोर्शन कधी संपणार, म्हणून मी एक नियम घातला होता: ज्याचा विषय, त्याचा शब्द शेवटचा. दुसरा नियमही माझाच. नॉर्मल पक्कं झाल्याशिवाय रोगाकडे वळायचं नाही. पाया कच्चा ठेवून माडी बांधू नये, असं मी फळ्यासमोर उभी राहून, बाईसारखी कमरेवर हात ठेवून सांगितलं होतं.

तपासायला एक माणूस लागतो. आम्ही दोघी मुली शर्ट काढून पलंगावर पडणार नव्हतो. रामप्रसादच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला तर गादीवर ठेवल्यासारखं वाटायचं. राहिला सिद्धोधन. त्याच्या अंगावर मांस असं नव्हतंच, डाव्या फासळ्यांच्या फटीत हृदय उडताना नुसत्या डोळ्यांना दिसायचं. आणि त्याला कधी सांगावं लागलं नाही. आला की चप्पल काढायचा, बटणं सोडायचा आणि आडवा व्हायचा. पेशंटला चहा पहिला, एवढाच त्याचा मान.

पहिल्या दिवशी मी ऐकलं ते अजून माझ्या कानात आहे. ठप्प, ट-टक. ठप्प, ट-टक. पहिला ठोका मोठा, दुसरा दोन तुकड्यांत. मी पुस्तक उघडलं. तरुण माणसात दुसरा आवाज दुभंगलेला येऊ शकतो आणि ते नैसर्गिक आहे, असं एक वाक्य सापडलं. मला तेवढं पुरलं. पहिला मोठा का, तर पोरगं काडीसारखं आहे म्हणून. मी तिघांना समजावून सांगितलं. रामप्रसादने शेजारची स्टीलची ताटली घेतली आणि बोटांनी तो ताल धरला. ठप्प, ट-टक. मग तो आमचा तालच झाला. दार वाजवायचं तर तसंच, परीक्षेच्या हॉलबाहेर बाकावर बोटं आपटायची तर तशीच.

राजनंदिनी एकदा म्हणाली होती.

"ज्ञानू, मी घरी माझ्या छातीवर ऐकलं. असं न्हाई येत गं. नुसतं लब-डब, लब-डब यायलंय. मम्मीचं पण तसंच."

"तुझा स्टेथोस्कोप सेलमधला हाय," मी म्हणाले. "त्यात शाळेची घंटा पण लब-डबच ऐकू येईल."

रामप्रसाद खो खो हसला. ती पुन्हा काही बोलायला गेली, तेव्हा मी नियमाकडे बोट दाखवलं. हृदय कुणाचं? माझं. ती बरोबर होती आणि मी तिला गप्प बसवलं, हे मी आता कुणालाही सरळ सांगते.

तपासून झालं की सिद्धोधन रोज उशीवरून मान वळवायचा आणि विचारायचा, "कसं हाय?"

"एकदम नॉर्मल. पुस्तकात छापावं असं."

मग तो हसायचा आणि बटणं लावायचा. मला वाटायचं, तो माझ्या शिकवण्याबद्दल विचारतो. शंभरेक वेळा तरी त्याने विचारलं असेल, आणि मी दर वेळी तेच उत्तर दिलं.

डिसेंबरात त्याचा घसा बसला, मग ताप आला, मग गुडघे धरले. तो आठ-दहा दिवस पेडगावला राहून आला. आल्यापासून पायऱ्या चढताना मधेच थांबायला लागला. आम्हाला वर ऐकू यायचं: चपला वाजायच्या, वाजायच्या आणि बंद पडायच्या. रामप्रसाद वरून ओरडायचा, "म्हातारबा, काठी आणून देऊ का?" त्याचे गाल लालसर दिसायला लागले, तर आम्ही कोण पोरगी आहे म्हणून त्याला छळलं. तो दोन उशा घेऊन झोपतो, एका उशीवर खोकला येतो, हे त्याच्या रूम पार्टनरने सांगितलं. मी म्हणाले, नवाबाचा थाट आहे.

त्याची आई मालनबाई दर आठवड्याला धपाटे पाठवायची, एसटीच्या कंडक्टरच्या हाती, ठेच्यासकट. डब्यावर कागद चिकटवलेला असायचा: डॉक्टरीणबाईला. म्हणजे मला. मला त्याचं फार अप्रूप वाटायचं. धपाट्यांतला मोठा वाटा मीच खायचे आणि कागद वहीत जपून ठेवायचे.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात वॉर्डात माझी पाळी आली. खाटेवर सोनपेठकडचा नागनाथ म्हणून ऊसतोड करणारा गडी होता, बाविशीचा, पिळदार अंगाचा. साप चावला म्हणून आला होता. साप बिनविषारी निघाला, पण एक दिवस लक्ष ठेवायला त्याला ठेवून घेतलं होतं. मेडिसिनच्या मॅडमनी मला पुढे बोलावलं. "हृदयाचे आवाज ऐक आणि सांग."

मी ऐकलं. लब-डब. लब-डब. मी जागा बदलून पाहिली, पुन्हा ऐकलं. काहीतरी कमी होतं. पोट भरून जेवताना भाजीत मीठच नाही हे कळावं, तसं.

"मॅडम, पहिला आवाज मऊ आहे. आणि दुसरा फुटत नाहीये. तिसरा तुकडा गायब आहे. ॲबनॉर्मल वाटतंय."

बॅचमध्ये हशा पिकला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी स्वतः ऐकलं, नागनाथच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाल्या, "याचं हृदय उत्तम आहे. तू नॉर्मल कुठे ऐकलंस?"

मला अपमान झाल्यासारखं वाटलं. मी म्हणाले, "मी रोज ऐकते मॅडम, सहा-सात महिने झाले. असं असतं." आणि खाटेच्या लोखंडी दांड्यावर बोटांनी ताल धरला. ठप्प, ट-टक. ठप्प, ट-टक.

मॅडमचा चेहरा बदलला. त्यांनी माझी बोटं धरून थांबवली. "पुन्हा वाजव. हळू." मी वाजवलं. "हे कुणाच्या छातीवर ऐकलंस?"

"ग्रुपमधला मुलगा आहे. आमच्याच वर्षाचा."

"त्याला दम लागतो?"

मागून राजनंदिनी म्हणाली, "लागतो."

"लहानपणी सांधे सुजले होते का, विचारलंय कधी?"

कुणी विचारलं नव्हतं. सहा-सात महिने आम्ही त्याच्या छातीला कान लावून होतो, पण त्याला एकही प्रश्न विचारला नव्हता. पेशंटला आधी विचारायचं असतं, हे पहिल्या दिवशी शिकवतात. पण तो आमचा पेशंट नव्हताच, तो आमचा नमुना होता.

"त्याला घेऊन ये," मॅडम म्हणाल्या. "उद्या नाही, आज. मी सातपर्यंत इथेच आहे. पळवत आणू नकोस."

सिद्धोधन सकाळीच पेडगावला गेला होता. फोन लागत होता, पण तो उचलत नव्हता. दोन वाजल्यापासून मी सोळा वेळा फोन केला. चारच्या सुमारास त्याचा मेसेज आला, 'एसटीत हाय, लय गर्दी, सहाला रूमवरच येतो.' मी लिहिलं, 'रूमवर येऊ नको, हॉस्पिटलला ये.' तो मेसेज त्याने पाहिलाच नाही. म्हणून आम्ही तिघं खोलीवर जाऊन बसलो. रामप्रसादला खाली दारात उभं केलं, की तो आला तर त्याला पायऱ्या चढू देऊ नको.

खोलीत तवा तापावा तशी गरमी होती. मी पुस्तकातलं ते प्रकरण काढलं, ज्याच्याकडे माझ्याच नियमामुळे आम्ही वळलो नव्हतो. डाव्या बाजूची झडप, लहानपणच्या तापाने आखडलेली. राजनंदिनीने पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि मोठ्याने वाचायला लागली. पहिला आवाज मोठा. दुसऱ्यापाठोपाठ एक टक् असा जास्तीचा आवाज, झडप उघडतानाचा, जो नवशिके दुभंगलेला दुसरा समजतात. जिना चढताना धाप. आडवं झाल्यावर खोकला. गालांवर लाली. ती प्रत्येक ओळीनंतर थांबत होती, माझ्याकडे बघत नव्हती.

"पुढं वाच," मी म्हणाले.

"सांध्यांचा ताप पुन्हा आला तर झडप आणखी बिघडते. म्हणून दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनची सुई. बरीच वर्षं, कधीकधी जन्मभर." तिने पान उलटलं. "ठोक्यांची लय बिघडली की हृदयात रक्ताची गुठळी होऊ शकते. ती सुटून मेंदूत..."

"बास."

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या.

रामप्रसाद समोरच्या टपरीवर पाणी प्यायला गेला होता, दोनच मिनिटं. सिद्धोधन त्याच दोन मिनिटांत आत आला. मी जिन्याच्या तोंडाशी धावले आणि ओरडले, "थांब तिथंच! चढू नको!" त्याला वाटलं मस्करी चाललीय. खालून हसण्याचा आवाज आला आणि मुद्दाम दोन-दोन पायऱ्या घेत तो चढायला लागला. पंधराएक पायऱ्या चपला जोरात वाजल्या. मग त्या थांबल्या. मी खाली पोचले तेव्हा तो पहिल्या मजल्याच्या वळणावर कठड्याला टेकून उभा होता. तोंड उघडं, एका हातात धपाट्यांची पिशवी. ओठांचा रंग मला आवडला नाही.

रामप्रसाद मागून धावत आला. आम्ही सिद्धोधनला तिथेच, मामांच्या पुढच्या खोलीतल्या दिवाणावर टेकवून बसवलं. मामा रिक्षा आणायला पळाले. मामींनी पंखा पाचावर केला.

"काय झालं रे? कामून घाबरायले तुमी?" तो म्हणाला. दोन शब्दांत एक श्वास घेत होता.

"बटणं सोड," मी म्हणाले.

त्याने सोडली, रोजच्यासारखीच. मी त्याला डाव्या कुशीवर जरा कलवलं. असं आम्ही कधी केलं नव्हतं, पालथं-उताणं करत बसायला वेळ कुठे होता. स्टेथोस्कोपची छोटी, वाटीसारखी बाजू फासळ्यांच्या फटीत ठेवली. ठप्प, ट-टक. आणि त्यामागे, अगदी खालच्या पट्टीत, जात्याची असते तशी घरघर. ती रोज तिथेच होती. सहा-सात महिने माझ्या कानापासून बोटभर अंतरावर होती.

मी स्टेथोस्कोप राजनंदिनीला दिला. तिने ऐकलं आणि रामप्रसादला दिला. रामप्रसादने ऐकलं आणि तो रडायला लागला.

सिद्धोधन आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होता. मग त्याने विचारलं, "कसं हाय?"

मी म्हणाले, "सिद्धू, लहानपणी तुझे सांधे सुजले होते?"

पंख्याने त्याचा शर्ट उडत होता. मग तो म्हणाला, "सातवीत. गुडघे, मग घोटे. डॉक्टर म्हणले हृदयाला लागलंय. दर एकवीस दिवसाला सुई. माय पेडगावहून घेऊन यायची, दोन दिवस बाकावर बसता येत नसायचं."

"कुणाला सांगितलं न्हाईस? ॲडमिशनला?"

"पप्पा म्हणले, सीट जाईल. सांगू नको." त्याचे वडील दत्तराव शाळेत शिपाई आहेत. घरात डॉक्टर होणारा हा पहिलाच. "मग तुमचा ग्रुप भेटला. मी म्हणलं, लय भारी काम झालं. आधी सांगितलं असतं तर तुमी ते शोधलं असतं. न सांगता तिघांनी रोज ऐकलं, तरी कुणाला न्हाई सापडलं, म्हंजे ते न्हाईच. भरून आलं असंल. अभ्यासात असंच असतंय ना, न सांगता तपासलेलं खरं धरत्यात."

"सुया?" राजनंदिनीने विचारलं.

"दिवाळीपासून बंद केल्या." तो माझ्याकडे बघून, माझीच समजूत काढावी तसं हसला. "तू म्हणलीस ना, पुस्तकात छापावं असं."

मला ओरडावंसं वाटलं. त्याच्यावर की माझ्यावर, कळत नव्हतं. एवढं हुशार पोरगं, मेंदू शिकवताना आम्हाला गप्प बसवणारं, आणि त्याने मोठा डॉक्टर सोडून माझ्यासारख्या दुसऱ्या वर्षाच्या दीडशहाणीच्या शब्दावर जीव सोपवला. पण माझा शब्द शेवटचा, हा नियम त्याने तेवढा मनापासून पाळला होता. दिवाळीनंतर डिसेंबर. घसा, ताप, गुडघे. आणि तो परत आल्यावर पहिल्याच संध्याकाळी मी त्याला नॉर्मल म्हणाले होते.

खाली रिक्षा आली. मामा आणि रामप्रसाद त्याला खुर्चीत बसवून उतरवणार होते. खुर्ची आणेपर्यंत मी त्याचं मनगट धरून बसले. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. स्क्रीनवर 'माय' आलं. त्याने तुटक श्वासात बोलून बघितलं, जमेना. मग फोन माझ्या हातात दिला.

"तूच सांग. ती तुझंच ऐकती."

मी फोन कानाला लावला. "मावशी, मी ज्ञानेश्वरी."

"डॉक्टरीणबाई का?" मालनबाईंचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. खणखणीत आणि खूश. "पोचला का गं आमचा? धपाटे आज जरा जास्तच टाकलेत. तुमी पोरं रोज त्याला बघता, तुमाला दुसरं काय देणार मी? पैली मोठ्या डॉक्टराला दाखवायचे, तवा पण एवढं बिनघोर न्हवते बघ. आता तुमी तिघं रोज कान लावता. सिद्धू म्हणला, माय, सुईची गरज न्हाई आता, रोज तपासून घेतो. तवा कुठं मी ते कॅलेंडर भिंतीवरून काढलं. एकवीस-एकवीस दिवसाला गोल केलेले असायचे त्याच्यावर."

डब्यावरचे ते कागद माझ्या वहीत होते. ते धपाटे मैत्रीचे नव्हते. ती माझी फी होती, आणि मी ती दर आठवड्याला खाल्ली होती.

"आज पण बघितलं आसंल ना?" त्या म्हणाल्या. "आज लय दमल्यावानी वाटला घरून निघताना. कसं हाय?"

माझं बोट त्याच्या नाडीवर होतं. मी नकळत ठोके मोजत होते. चार नीट आले. पाचवा आलाच नाही. मग दोन एकदम, घाईघाईने. मग पुन्हा काहीच नाही. ज्याच्यावर आम्ही सहा-सात महिने ताटल्या वाजवल्या, तो ताल सुटत चालला होता, आणि त्याचा अर्थ राजनंदिनीने थोड्या वेळापूर्वीच वाचून दाखवला होता.

"हॅलो? पोरी, आवाज यायलाय का? कसं हाय म्हणलं."

सिद्धोधन माझ्याकडे बघत होता. उशीवरून मान वळवायचा, तशीच मान वळवून. तो शब्द माझ्या जिभेवर तयार होता. शंभर वेळा म्हणलेला शब्द आपोआप येतो. मी दात आवळून तो थांबवला.

"न्हाई मावशी," मी म्हणाले. "नॉर्मल न्हाई. कधीच नव्हतं. आमी त्याला हॉस्पिटलला घेऊन चाललोय. तुमी या."

मामा खुर्ची घेऊन दारात आले होते. पलीकडे कुठेतरी शेळी ओरडत होती. मग मालनबाई बोलल्या. आवाज चढवला नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं, आणि त्या मला, डॉक्टरीणबाईला, विचारत होत्या.

"मग पोरी, तुमी रोज काय ऐकत व्हता?"